‘जड पाणी’ कोणत्या कप्प्यात?
वाळूजमधून पाहिलेली संशोधनाची दोन खुली ग्रंथालये

वाळूज परिसरात कूपनलिकेच्या पाण्यावर स्वयंपाक करणाऱ्या घरांतून ‘‘आमच्याकडचं पाणी लई जड, डाळच शिजंना’’ ही तक्रार ऐकू येते. तक्रार करणाऱ्या बाईने रसायनशास्त्र शिकलेले असेलच असे नाही. पण तिचे निरीक्षण अचूक असते. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक प्रमाणात विरघळलेले असतात. डाळीच्या दाण्यातील पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे एकमेकींना चिकटून राहतात. चांगल्या पाण्यात उकळताना हे पेक्टिन सुटते आणि दाणा मऊ होतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते पेक्टिनला धरून ठेवते आणि बराच वेळ उकळूनही दाणा टणकच राहतो. हेच क्षार साबणाशी संयोग पावून साका तयार करतात, म्हणून फेस येत नाही. पाठ्यपुस्तकात या पाण्याला आपण ‘दुष्फेन पाणी’ म्हणतो.

मराठी वैज्ञानिक परिभाषेत ‘जड पाणी’ ही संज्ञा मात्र वेगळ्याच द्रव्याला दिलेली आहे. ज्याच्या रेणूत साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असते आणि जे काही प्रकारच्या अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी वापरतात, ते जड पाणी. आता समजा, वाळूजच्या एखाद्या शाळेतील नववीच्या मुलीला आपल्या घरच्या पाण्याविषयी कोणी काय संशोधन केले आहे ते पाहायचे आहे. संगणकासमोर बसून ती आईचाच शब्द टंकित करणार. ग्रंथालयाने तिच्यापुढे अणुभट्टी आणून ठेवली तर ती काय समजेल?

आईचा शब्द चुकलेला नाही आणि परिभाषा कोशही चुकलेला नाही. एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ असू शकतात, आणि एकाच पाण्याला चार भाषांत चार नावे असू शकतात, एवढेच येथे लक्षात घ्यायचे आहे. ग्रंथपालाने ते लक्षात घेतले नाही तर काय होते, याचा विचार करण्यासाठी आम्ही या लेखात दोन मोठ्या संगणकीय ग्रंथालयांचे परीक्षण करीत आहोत. एकात आपल्या पाण्याविषयी, मातीविषयी, हवेविषयी झालेले संशोधन आहे. दुसऱ्यात आपल्या बोली आहेत.

दोन ग्रंथालये आणि एक मोजपट्टी

पहिले ग्रंथालय म्हणजे ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम करून पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे आवश्यक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र हा संग्रह सांभाळते. आज त्यात देशभरातील विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. १९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे (आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) प्रबंधही त्यात आहेत. या सोयीचे मोल कमी लेखू नये. पूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटबंद असे. तो पाहण्यासाठी शाळेतल्या शिक्षकाला रजा काढून, ओळख काढून जावे लागे. आता तो घरी बसून वाचता येतो.

दुसरे ग्रंथालय म्हणजे मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचा संगणकीय संग्रह. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने तो उभारला. गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्याचे लिप्यंतर करून, कोणता शब्द कोठे चालतो याच्या नकाशांसह ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे. माणसाचा आवाजच ऐकायला मिळत असल्यामुळे हे साधन भाषेच्या तासाला फारच उपयोगी आहे.

परीक्षणाला मोजपट्टी हवी. ती आम्ही शियाली रामामृत रंगनाथन यांच्याकडून घेतली आहे. रंगनाथन हे मूळचे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा आशय असा: ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. संगणक नव्हता तेव्हाचे हे नियम आजही तसेच लागू पडतात.

या मोजपट्टीने दिल्लीतून किंवा पुण्यातून मोजले तर दोन्ही ग्रंथालये चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतील. आम्ही ती वाळूजमधून मोजणार आहोत.

वाळूजच का?

वाळूज हे गंगापूर तालुक्यातील गाव, छत्रपती संभाजीनगर शहरापासून पुण्याच्या रस्त्यावर सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. १९८० च्या दशकात येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. दुचाकी, त्यांचे सुटे भाग, औषधे, मद्य असे नाना प्रकारचे उत्पादन येथे होऊ लागले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर ही आजूबाजूची गावे कामगारांच्या वस्तीने भरून गेली. मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून, विदर्भातून, उत्तर प्रदेश व बिहारमधून माणसे आली. एकाच वर्गात घरी मराठवाडी मराठी, दखनी उर्दू, बंजारा समाजाची गोरबोली, वडार समाजाची तेलुगूशी नाते सांगणारी बोली आणि पूर्वेकडची हिंदी बोलणारी मुले बसू शकतात, असा हा परिसर आहे.

पाण्याचा प्रश्न येथे रोजचा आहे. कारखान्यांना पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला, तो वाचकांना आठवत असेल. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला. त्यात ज्या ४३ क्षेत्रांचा निर्देशांक ७० किंवा अधिक आला, त्यांत औरंगाबादचा समावेश होता. म्हणजे येथील पाणी, माती आणि हवा यांविषयी जाणून घेण्याची गरज येथील माणसाला इतरांपेक्षा अधिक आहे. तेव्हा ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हा नियम कसोटीला लागायचा तर येथेच लागला पाहिजे.

पहिला दोष : गावाचे नाव

ग्रंथालयात पुस्तक शोधायचे तर नोंदपत्र लागते. संगणकीय ग्रंथालयातही नोंदपत्र असते. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ ही पंधरा घटकांची पद्धत पुढे आली. आज जगातील असंख्य संग्रह तिच्या आधारे नोंदी करतात. या पंधरा घटकांत ‘भाषा’ आहे, ‘विषय’ आहे आणि ‘मजकूर कोणत्या स्थळकाळाविषयी आहे’ यासाठीही जागा आहे.

शोधगंगेतील प्रबंधाची नोंद उघडली की शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, सूचक शब्द, विद्यापीठ, विभाग, पूर्ण झाल्याचे वर्ष, सारांश हे सर्व दिसते. कोणत्या गावच्या विहिरींचे पाणी तपासले, यासाठी वेगळा रकाना दिसत नाही. ते शीर्षकात किंवा सारांशात आले तर आले. प्रबंध कोठे लिहिला गेला हे ग्रंथालय सांगते. तो कोठल्या गावाविषयी आहे हे वाचकाने हुडकायचे.

बरे, हुडकायचे तर कोणत्या नावाने? रोमन लिपीत वाळूज ‘डब्ल्यू’ने लिहितात, ‘व्ही’नेही लिहिता येते, मध्ये ‘एन’ घातला की त्याचे वाळुंज होते, आणि वाळुंज हे तर आडनावही आहे. ‘ळ’ला रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्यामुळे त्यापूर्वीचे संशोधन एका नावाखाली आणि पुढचे दुसऱ्या नावाखाली जाणार. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. शिवाय १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाची कागदपत्रे हैदराबादच्या नावाने शोधावी लागतात. ज्याला हा इतिहास ठाऊक आहे तो चार-पाच वेळा शोधून पाहील. नववीची मुलगी एकदाच शोधील आणि ‘आपल्या गावावर काही नाही’ असे समजून संगणक बंद करील. रंगनाथनांचा चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवण्याचा, येथे मोडतो.

दुसरा दोष : अक्षर दिसते, पण सापडत नाही

मराठीतून लिहिलेले प्रबंधही शोधगंगेत आहेत, विशेषतः भाषा, समाजशास्त्र, इतिहास, शिक्षण या विषयांतील. त्यांची अडचण निराळी आहे आणि ती विज्ञानाच्या तासाला समजावून सांगण्याजोगी आहे.

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. ‘वाळूज’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने पाच अंकांची ओळ आहे: व (२३५७), काना (२३६६), ळ (२३५५), दीर्घ ऊकार (२३७०), ज (२३३२). कोणी ऱ्हस्व उकार देऊन ‘वाळुज’ लिहिले तर चौथा अंक २३६९ होतो. आपल्या डोळ्याला हा एका वेलांटीइतका किरकोळ फरक वाटतो; अंकाला अंक जुळवून पाहणाऱ्या यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत.

युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, आपल्याकडे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी अक्षरसंचांत टंकित होत असे. त्यांतील अनेकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. कागदावर छापले की स्वच्छ मराठी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असे. काही प्रबंध तर कागदाचे छायाचित्र काढून ठेवलेले आहेत. त्यांत यंत्राच्या दृष्टीने अक्षरच नाही, फक्त काळे-पांढरे ठिपके आहेत. असा प्रबंध वाचता येतो, पण त्यातील शब्दावरून शोधता येत नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलेले पुस्तक आणि हे पुस्तक यांत काचेच्या दारापुरताच फरक आहे. छायाचित्रातील छापील देवनागरी ओळखून तिचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रणा आज उपलब्ध आहे आणि ती बरीच सुधारली आहे. तेव्हा हा दोष दूर करणे आता ज्ञानाचा प्रश्न राहिलेला नाही. मनुष्यबळ आणि प्राधान्य यांचा आहे.

यात आणखी एक गैरसोय आहे. एकच प्रबंध मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रकरणे, संदर्भ अशा वेगवेगळ्या धारिकांत ठेवलेला असतो. तालुक्याच्या गावी, मंद जोडणीवर, कोणत्या प्रकरणात आपले गाव आहे हे पाहण्यासाठी एकेक धारिका उतरवून घ्यावी लागते.

तिसरा दोष : भाषेची भिंत

पाणी आणि प्रदूषण यांविषयीचे विज्ञानशाखेतील प्रबंध जवळजवळ सर्व इंग्रजीत असतात. संशोधनाची भाषा इंग्रजी आहे हे आम्हांला मान्य आहे. तिच्यामुळेच हैदराबादच्या किंवा ब्राझीलच्या संशोधकाला वाळूजचे आकडे वाचता येतात. पण ज्यांच्या विहिरीतून नमुना घेतला त्यांना निष्कर्ष वाचता येऊ नये, हे न्यायाचे नाही. संपूर्ण प्रबंधाचे भाषांतर कोणी मागत नाही. दोन पानांचा मराठी सारांश, त्यात गावांची नावे, तपासणीची तारीख, मुख्य आकडे आणि त्यांचा अर्थ, एवढे पुरे.

अर्थ सांगणे का आवश्यक आहे ते पाहा. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. हा फरक कळला नाही तर लोक डाळ न शिजणाऱ्या पाण्याला घाबरतात आणि चवीला गोड लागणारे, पण नायट्रेट अधिक असलेले पाणी बिनधास्त पितात. वर सांगितलेल्या प्रदूषण निर्देशांकाचेही तसेच. मूळ इंग्रजीत ७० च्या वरची क्षेत्रे एका वर्गात आणि ६० ते ७० मधली दुसऱ्या वर्गात आहेत. मराठीत दोन्ही वर्गांना ‘गंभीर प्रदूषित’ म्हणून मोकळे होता येते, आणि मग वर्गवारीचा हेतूच नाहीसा होतो.

‘शाश्वत’ या शब्दाची कथाही बोधप्रद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर ही कल्पना जगभर गेली. मराठीत तिच्यासाठी शाश्वत, चिरंतन, टिकाऊ, निरंतर असे अनेक शब्द वापरले गेले. एका शब्दाने शोधणाऱ्याला बाकीचे लेखन सापडत नाही. दरम्यान शेतकऱ्याने ‘शाश्वत पाणी’ हा शब्द आपल्या सोयीने घेतला: मे महिन्यातही ज्याची खात्री धरता येते ते शाश्वत पाणी. आम्हांला हा अर्थ अनेक व्याख्यांपेक्षा स्वच्छ वाटतो. तो कोणत्या नोंदपत्रावर आहे?

चौथा दोष : बोली एकीकडे, पाणी दुसरीकडे

आता बोलींच्या संग्रहाकडे वळू. त्याचे मोल समजायचे तर मागे जावे लागेल. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. निजामाचे हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले होते. म्हणजे पहिल्या मोठ्या मोजणीत आपल्या मराठवाड्याची बोली नीटपणे आलीच नाही. पुढे गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाने देशात ७८० भाषांची नोंद केली आणि महाराष्ट्राचा खंड मराठीतून निघाला. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ होती. छाननीअंती १२१ भाषांचा तक्ता झाला. बंजारी आणि लमाणी त्या तक्त्यात हिंदीच्या खात्यात आहेत. आपल्या वर्गातील गोरबोली बोलणारे मूल सरकारी तक्त्यात हिंदी भाषक ठरते ते असे. या पार्श्वभूमीवर आवाजासह बोली जतन करणाऱ्या संग्रहाचे स्वागतच केले पाहिजे.

पण भाषाशास्त्राचा संग्रह शब्दाकडे भाषेचा नमुना म्हणून पाहतो. कोणता प्रत्यय कोठे लागतो, नात्याला काय म्हणतात, हे त्याचे प्रश्न असतात, आणि ते योग्यच आहेत. मात्र काही शब्दांत भाषेबरोबर जमिनीचे ज्ञानही साठवलेले असते. विहीर खोदणारा माणूस माती, मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण असे थर ओळखतो. भूशास्त्राचा प्रबंध ज्याला कुहरी अग्निजन्य खडक म्हणतो, ज्यात वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात आणि ती पुढे खनिजांनी कमी-अधिक भरलेली असतात, तो खेड्यातला मांजऱ्या. झिजलेल्या, सांधे असलेल्या मांजऱ्यात पाणी साठते. घट्ट काळ्या पाषाणात भेगा नसतील तर साठत नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर कोठे पाणी लागेल आणि कारखान्याचे सांडपाणी जमिनीत मुरले तर ते कोणत्या थरातून पसरू शकेल, या दोन्ही प्रश्नांचा संबंध या थरांशी आहे.

म्हणजे ‘मांजऱ्या’ हा शब्द बोलींच्या संग्रहात हवा आणि भूजलाच्या प्रबंधाच्या नोंदपत्रावरही हवा. शहराच्या इतिहासातला ‘नहर’ हा शब्द घ्या. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर ही भूजल खापरी नळांनी दूरवर नेण्याची तंत्रे होती. हा अरबी शब्द मराठीत रुळला तो त्या तंत्राबरोबरच. बहुभाषिकता आणि पाण्याचे व्यवस्थापन हे दोन विषय विद्यापीठात वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जातात. वाळूजच्या विहिरीवर ते एकाच माणसाच्या तोंडात असतात. आज ही दोन ग्रंथालये एकमेकांना ओळखत नाहीत, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

उपाय आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकात ‘ॲग्रोव्हॉक’ नावाचा शेतीविषयक बहुभाषी शब्दसंग्रह सुरू केला. आज त्यात हिंदीसह अनेक भाषा आहेत. त्याची युक्ती सोपी आहे. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक द्यायचा आणि निरनिराळ्या भाषांतील शब्द त्या क्रमांकाला टांगायचे. पुस्तकाच्या नोंदपत्रावर क्रमांक असतो. वाचक आपल्या भाषेतील शब्दाने शोधतो. जुळणी क्रमांकाची होते. या रीतीने दुष्फेन पाणी, कठीण पाणी, जड पाणी, ‘खारा पानी’, ‘भारी पानी’ हे सर्व एका क्रमांकावर येतील आणि अणुभट्टीतील जड पाणी दुसऱ्या क्रमांकावर. ‘जड पाणी’ विचारणाऱ्याला ग्रंथालय उलट विचारील, ‘यांपैकी कोणते?’ चांगला ग्रंथपाल हेच करतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, आता यंत्र भाषांतर करते, मग हा खटाटोप कशाला? डाळीचा संदर्भ देऊन पूर्ण वाक्य लिहिले तर यंत्र अर्थ ओळखू शकते, हे खरे आहे. पण शोधाच्या चौकटीत माणूस दोनच शब्द लिहितो. तेथे संदर्भ नसतो. शिवाय यंत्र शिकते ते लिहिलेल्या मजकुरावरून. ज्या बोलीतील ज्ञान कोठे लिहिलेलेच नाही, ते यंत्राला कोठून येणार? दुसरा आक्षेप खर्चाचा. पाच लाख प्रबंधांची नोंद नव्याने करणे अवघड आहे, पण पाणी आणि माती यांच्यापुरती, एका विद्यापीठाच्या क्षेत्रापुरती सुरुवात करता येईल. संभाजीनगरलाच १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, आहे. विद्यापीठात भाषेचे विभाग आहेत. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावातला शब्द नेमका नसतो. ‘जड’ म्हणताना एकाला क्षार अभिप्रेत असतात, दुसऱ्याला पचायला जड असे म्हणायचे असते. हे मान्य. म्हणून शब्दाबरोबर तो कोणी, कोठे, कोणत्या पाण्याबद्दल वापरला याची नोंद हवी, आणि शक्य तेथे मोजमापही हवे. येथेच शाळेचे काम सुरू होते.

शाळेने काय करावे?

रंगनाथनांचा पाचवा नियम ग्रंथालय वाढते असल्याचे सांगतो. आज ही ग्रंथालये वाढतात ती फक्त वरून. खालून भर घालण्याचे दार नाही. ते उघडेपर्यंत आपण वाट पाहण्याचे कारण नाही. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला, त्यानुसार गावोगावी करायच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वनस्पती आणि प्राण्यांची स्थानिक नावे लिहिली जातात. त्याच धर्तीवर शाळेने पाण्याच्या शब्दांची नोंदवही करावी.

नोंदवहीत सहा रकाने असावेत: शब्द, भाषा किंवा बोली, सांगणाऱ्याचा व्यवसाय, ठिकाण व तारीख, शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याच्याच वाक्यात, आणि मोजमाप. घरची माणसे काय म्हणतात ते मुलांनी विचारून आणावे. मचूळ, खारट, जड, गढूळ, वास मारणारे, तवंग आलेले असे शब्द येतील. गोरबोलीत, उर्दूत, भोजपुरीत काय म्हणतात तेही येईल. ज्या मुलाला प्रमाण मराठी अडखळत येते, त्याच्याकडे या तासाला इतरांपेक्षा अधिक माहिती असेल. हा अनुभव त्याला शाळेत क्वचितच मिळतो.

मोजमापासाठी साबणाची कसोटी पुरते. अंगाच्या साबणाचा कीस पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण करावे. कपडे धुण्याची पूड वापरू नये, तिला दुष्फेन पाण्यातही फेस येतो. सारख्या बाटल्यांत प्रत्येकी २० मिलिलिटर पाणी घ्यावे: एकीत पावसाचे, एकीत नळाचे, एकीत कूपनलिकेचे. द्रावणाचा एकेक थेंब टाकून बाटली हलवावी आणि एक मिनिट टिकणारा फेस येण्यास किती थेंब लागले ते मोजावे. मग तेच पाणी उकळून, थंड करून, गाळून पुन्हा मोजावे. उकळल्याने थेंब कमी लागले तर दुष्फेनतेचा काही भाग तात्पुरता, म्हणजे बायकार्बोनेटांमुळे होता. ‘जड’ म्हटलेल्या पाण्याला खरोखरच अधिक थेंब लागतात का, हे मुलांनी स्वतः ताडून पाहावे. कोठे लागणार नाहीत. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारावा. ही कसोटी दुष्फेनताच सांगते, औद्योगिक प्रदूषण सांगत नाही, हेही मुलांना स्पष्ट करावे. वास, रंग किंवा तवंग यांची तक्रार असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच गेला पाहिजे.

नोंदवही युनिकोडमध्येच टंकित करावी, गावाचे नाव देवनागरीत आणि त्याची सर्व प्रचलित रूपे लिहावीत, जिल्ह्याचे जुने व नवे नाव दोन्ही द्यावे. सांगणाऱ्याचे नाव लिहायचे तर त्याची संमती घ्यावी. वर्षअखेरीस एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक जवळच्या महाविद्यालयात द्यावी. पुढे एखादा संशोधक वाळूजच्या विहिरींवर काम करायला आला, तर त्याच्या हाती ती पडेल, आणि त्याने आपल्या प्रबंधाचा मराठी सारांश परत आणून द्यावा असे त्याला तेव्हाच सांगता येईल.

पहिले पान अर्थातच ‘जड पाणी’ या शब्दाला द्यावे. त्याखाली दोन्ही अर्थ लिहावेत.